अंडर म्हणजे खाली

जांभळखेड्याला शाळेची वेगळी अशी इमारत नव्हती. पाटलांच्या भाऊबंदांपैकी एकाचं घर मोकळं पडलं होतं, त्याची पुढची लांबोडी पडवी शाळेला मिळाली आणि मागच्या दोन खोल्या मास्तरांना राहायला. पडवी आणि खोल्या यांच्यामध्ये एकच मातीची भिंत. भिंतीच्या पुढे दोधू मास्तर शिकवायचे, मागे त्यांची बायको भिकुबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची. त्यामुळे शाळेत कधी पाय न ठेवताही भिकुबाईला बेचे पाढे येत होते, भूगोलातल्या नद्या येत होत्या, आणि कुणाच्या पोराला पाठांतर जमत नाही हे त्या पोराच्या आईच्या आधी तिला कळत होतं.

तापीकाठच्या त्या भागात तेव्हा इंग्रजी शिकलेला माणूस शोधून सापडायचा नाही. मास्तर स्वतः नंदुरबारला इंग्रजी दोन-तीन इयत्ता शिकले होते. पुढे वडील गेले, शाळा सुटली आणि ते मराठी शाळेवर मास्तर झाले. पण ते अर्धवट राहिलेलं इंग्रजी त्यांच्या मनातून गेलं नाही. गावातली चौथी झालेली पोरं नंदुरबारच्या इंग्रजी शाळेत जायची, तिथे काही कळेना म्हणून महिन्याभरात परत यायची आणि वखर धरायची. म्हणून मास्तर रोज सकाळी, शाळा भरायच्या आधी, मोठ्या पोरांना बसवून इंग्रजी शब्द शिकवत. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्यांची शिकवायची एक रीत होती. ते म्हणत, शब्द दोन जातींचे असतात. काही हात लावायचे, काही हात न लागणारे. हात लावायच्या शब्दाला पोराने हात लावलाच पाहिजे. पॉट म्हणजे मडकं, की मडक्यावर हात. रोप म्हणजे दोर, की दोर हातात. काऊ म्हटल्यावर सगळी पोरं रस्त्यावर धावत आणि जिची गाय समोर दिसेल ती बाई ओरडे, "मास्तर, मन्ही गाय आटी जाई ना! आज दूध कोन दी, तुम्ही?" आणि शब्दाचा अर्थ ते नेहमी दोनदा घेत. एकदा पुस्तकातला, एकदा घरातला. नुसता पुस्तकी अर्थ पाठ केला तर पोर एका परक्या शब्दाच्या जागी दुसरा परका शब्द ठेवतं, असं त्यांचं म्हणणं. "सन म्हणजे मुलगा, मुलगा मंजे आंडोर. डॉटर म्हणजे मुलगी, मुलगी मंजे आंडेर." सगळी पडवी एका सुरात म्हणायची.

खरी पंचाईत हात न लागणाऱ्या शब्दांची. इन, ऑन, अंडर, नियर. त्यांना कुठे हात लावणार? ते शब्द अंगाने करून दाखवावे लागत, आणि ते काम वच्छीचं होतं.

वच्छी म्हणजे वत्सला, मास्तरांची एकुलती एक पोर. पोरींनी शाळेत बसायची चाल नव्हती, पण मास्तरांच्या पोरीला कोण अडवणार? ती पडवीतच रांगायला शिकली होती. मास्तर म्हणत, "ऑन द टेबल," की ती टेबलावर उभी. "नियर द टेबल," की टेबलाला टेकून. आणि "अंडर" म्हटलं की टेबलाखाली गडप. मग मास्तर मुद्दाम इकडेतिकडे बघत विचारत, "व्हेअर इज वत्सला?"

आता अंडर हा शब्द खानदेशी पोराच्या कानावर पडला की त्याला दुसरंच काही ऐकू येणार. पोरं एका दमात ओरडत, "आंडेर! आंडेर!"

"अरे भो, आंडेर मंजे डॉटर! अंडर मंजे खाले!"

"पन मास्तर, खाले आंडेरच शे ना बसेल!"

की सगळी पडवी हसायची. टेबलाखालची वच्छी सगळ्यात मोठ्याने हसायची आणि भिंतीमागे भिकुबाईच्या हातातली भाकरी वाकडी व्हायची. त्यावरून पोरांनी वच्छीचं नावच अंडर पाडलं. विहिरीवर येताना दिसली तरी, "अंडर उनी, अंडर उनी." तिला त्याचं काही वाटत नसे. उलट, इंग्रजी नाव असलेली गावात मीच एकटी, असा तिचा तोरा.

शाळा सुटली की ती आईला शिकवायला बसे.

"माय, स्पून मंजे काय, सांग."

"माले काय माहीत, बाई."

"चमचा!"

"मंग चमचाच म्हन ना. जीभ कसाले वाकडी करस?"

मग तोच खेळ घरात. वच्छी गोधड्यांच्या ढिगाखाली, नाहीतर सुपाच्या आड दडून बसायची आणि आईने इंग्रजीतून विचारायचं. भिकुबाईच्या तोंडात ते व्हेअर इज काही केल्या बसेना. ती म्हणायची, "बेरीज वच्छला?"

"माय, बेरीज नही! व्हेअर इज!"

"तेच ते. बेरीज वच्छला?"

आणि गोधड्या हसून हसून हलायला लागायच्या.

त्या घरात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत, तशी रीतच होती. मास्तर तिला "वच्छीनी माय" म्हणून हाक मारत, ती त्यांना "वच्छीना बाप" म्हणे. लग्नाला कैक वर्षं झाल्यावर झालेली पोर. तोवर दोघं एकमेकांना "ऐका का" आणि "ऐक वं" एवढंच म्हणत होती. पोर झाली आणि दोघांनाही नाव मिळालं.

एकोणीसशे अठरा साली पाऊस पाठ फिरवून गेला आणि दसऱ्याच्या सुमाराला मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. सकाळी शेतात गेलेला माणूस दुपारी ताप घेऊन परत यायचा आणि दोन दिवसांत त्याने मान टाकलेली असायची. घरंच्या घरं आडवी झाली. शाळा बंद पडली. एका पडक्या भिंतीने दुसऱ्या पडक्या भिंतीला टेकावं, तसं सगळं गाव एकमेकांना टेकून पडलं होतं.

भिकुबाई आधी पडली. तिला एवढंच आठवत होतं की वच्छी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती आणि म्हणत होती, "माय, हेड मंजे डोकं. तुन्हं हेड तपेल शे." त्यानंतर काय झालं ते तिला ठाऊक नाही. शुद्धीवर आली तेव्हा चुलीपाशी मास्तर पेज ढवळत होते. दोरीवर वच्छीचा परकर नव्हता. कोपऱ्यात तिच्या चिंचोक्यांची थैली नव्हती. मास्तरांनी मागे वळून बघितलं नाही.

"वच्छी कोठे शे?" तिने विचारलं.

मास्तर पेज ढवळतच राहिले. पेज करपली, तिचा वास घरभर झाला, तरी ते ढवळतच राहिले.

पोर गेली हे तिला त्या वासानेच कळलं. पण कुठे नेली, कुणी नेली, जाळली की पुरली, डोक्याखाली काही होतं की नव्हतं, हे तिला कुणी सांगेना. शेजारपाजारची माणसं एकतर मेली होती नाहीतर स्वतःच अंथरुणाला खिळलेली होती. आठ-पंधरा दिवसांनी उठून बसायला लागल्यावर तिने मास्तरांना पुन्हा विचारलं. ते उठले आणि बाहेर गेले. पुन्हा एकदा विचारलं. पुन्हा बाहेर गेले. मग तिने विचारायचं सोडलं. पण पोटातून ते गेलं नाही. आईने पोराला शेवटचं न्हाऊमाखू घालावं, तेही तिला मिळालं नव्हतं. निदान जागा तरी कळावी. डोकं टेकायला, दिवा ठेवायला, नुसतं बसायला एक जागा. बाकी तिला काही नको होतं.

गावात इद्रिस पिंजारी होता, कापूस पिंजून गाद्या-गोधड्या भरणारा. कुणीतरी तिला म्हणालं की त्या दिवशी मास्तरांबरोबर इद्रिसभाई दिसला होता. ती त्याच्या दारात गेली. त्याने हातातली धनुकली खाली ठेवली.

"भाभी, माले नका इचारू," तो म्हणाला. "मी फक्त हात लावा. ती गोट बापना तोंडनी शे. मास्तरले इचारा."

"ते बोलतस का कधी?"

"बोलतीन. त्यासले येळ द्या."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून ती परत फिरली.

थंडी सरता सरता शाळा पुन्हा भरली. कमी पोरं होती. सकाळचा इंग्रजीचा वर्गही सुरू झाला आणि भिंतीमागे बसून भिकुबाई ऐकू लागली. पॉट म्हणजे मडकं. रोप म्हणजे दोर. सन म्हणजे मुलगा. त्याच्या पुढचा डॉटर मास्तर पटकन, हलक्या आवाजात म्हणून घेत. मग हात न लागणारे शब्द आले. इन म्हणजे आत. ऑन म्हणजे वर. आता अंडर. आणि मास्तर म्हणाले, "नियर म्हणजे जवळ."

मधला शब्द आलाच नाही.

विसरले असतील म्हणून तिने दुसऱ्या दिवशी कान दिला. तिसऱ्या दिवशी दिला. ऑनच्या पुढे नियर. पायरी तुटलेल्या जिन्यावरून उतरावं तसं मास्तर तेवढ्या जागी पाय उचलून पुढे टाकत. तिला वाटलं, यांनी पोरीला शब्दांतूनसुद्धा काढून टाकली. घरातून वस्तू काढल्या, बोलण्यातून नाव काढलं, आता शाळेतूनही काढली. हाक मारायलाही दोघांकडे काही उरलं नव्हतं. मास्तर नुसतं खाकरत, ती नुसतं भांडं वाजवी. एकाच घरात दोन पाहुणे राहावेत तशी वर्षं चालली. मास्तर रोज संध्याकाळी काठी घेऊन बाहेर पडत आणि अंधार पडता परत येत. देवळात जात असतील, असं ती समजे.

तिसऱ्या वर्षी मगन पाटलाचा मुलगा भटू नंदुरबारला इंग्रजी शाळेच्या प्रवेशाला गेला. मास्तरांच्या हाताखालचा तो सगळ्यात हुशार. पाटलाने बैल सजवून गाडी जुंपली होती, निघताना गूळ वाटला होता. दुसऱ्या दिवशी ती गाडी परत आली ती थेट शाळेपाशीच थांबली. मगन पाटील पडवीत शिरला. पोरं उठून उभी राहिली. दारात चार-सहा माणसंही जमली.

"मास्तर, राम राम," पाटील म्हणाला. त्याचा आवाज गोड होता आणि तेच वाईट होतं. "काय पन शिकाडं तुम्ही, मानलं! हेडमास्तरनी सांगं, द कॅट इज अंडर द टेबल, याना अर्थ सांग. तर आम्हनं हे रतन काय बोलनं ठाऊक शे? मांजर टेबलनी आंडेर शे!"

दारातली माणसं खो-खो हसली. भटू बापाच्या मागे मान खाली घालून उभा होता.

"सगळा वर्ग पोट धरीसन हासना," पाटील म्हणाला, आता गोडवा संपला होता. "पोऱ्या रडत उना गाडीमा. हेडमास्तरनी परत धाडी दिन्हा त्याले. मी तुम्हले इचारस, मास्तर. काऊ शिकाडी, पॉट शिकाडं, आख्खं घर शिकाडं. हाऊ एक शब्द शिकाडा का नही?"

"नही शिकाडा," मास्तर म्हणाले.

"कसाले नही शिकाडा?"

मास्तरांनी भटूकडे बघितलं.

"येत नही का तुम्हले?"

कुणीतरी हसलं. मास्तर टेबलाच्या कडेला हात धरून उभे होते. भिंतीमागे भिकुबाई पीठ मळत होती, तिचे हात थांबले. तिला त्या टेबलाकडे बघणारे मास्तर दिसत नव्हते, तरी दिसले. त्या टेबलाखाली बघायची हिंमत नाही म्हणून तो शब्द त्यांच्या तोंडातून निघत नव्हता. काढून टाकला नव्हता. एवढी वर्षं ती दुसरंच समजत होती.

"बोला ना! तुम्हले येत नसी तर तसं सांगा. मंग आम्ही पोरं कसाले धाडूत? उद्यापासून मन्हं पोर येवाव नही, आन मी सांगस ते गावमा बाकीना बी आयकतस."

भिकुबाईने हात पुसले, डोक्यावरून पदर ओढला आणि मधल्या दाराने पडवीत आली. इतक्या वर्षांत ती कधी त्या दारातून पुढे आली नव्हती. माणसं बाजूला झाली.

"पाटील," ती म्हणाली, "तो शब्द त्यासले येस. माले बी येस. मन्ही पोरनी माले शिकाडा व्हता. अंडर मंजे खाले."

भिकुबाई मास्तरांकडे वळली. ती त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती, टेबलाकडे बघत होती. तिने विचारलं, "बेरीज वच्छला?"

दोन लहान पोरं त्या उच्चारावर फिसकन हसली. मोठ्या पोरांना तो खेळ आठवत होता, ती हसली नाहीत. भटू रडायला लागला. पाटलाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचा स्वतःचा धाकटा भाऊ त्याच साथीत गेला होता. तो हळूच म्हणाला, "वहिनी, माले ध्यानमा नही उनं," आणि भटूला घेऊन निघाला. दारातली माणसंही निघाली. मास्तरांनी पोरांना सुट्टी दिली, म्हणजे नुसता हात हलवला.

पडवी मोकळी झाली तरी दोघं तशीच उभी होती. मग मास्तर बोलले. "लाकूड नही भेटनं."

ती भिंतीला टेकली.

"सगळी घरं हिंडनू. आपली खाट तोडी, ती बी पुरनी नही. मंग इद्रिसभाई उना. त्यासनामा खड्डा खंदाना रिवाज, त्याले येत व्हतं. नदीना काठले, वरला अंगे. त्यानीच खंदा. मन्हा हातमा बळ नव्हतं."

"काय नेसाडं व्हतं?"

"तोच परकर. हिरवा."

"डोकाखाले?"

"कापूस. त्यानी घरथून आना व्हता, पिंजेल."

भिकुबाईने मान हलवली. मग म्हणाली, "मंग माले कसाले नही सांगं? मी काय तुम्हले बोल लावती?"

"सांगनार व्हतू." मास्तर खाली बसले. "तुले चालता यायला लागनं की लई जासू, अशा इचार व्हता. मंग तू इचारं की तोंडच उघडे ना. आन मंग पानकळा उना. तापीले पूर उना. आख्खा काठ लई गया. आते काय दखाडू तुले? पानी?"

बाहेर पाटलाच्या गाडीचे बैल घुंगरं हलवत निघून गेल्याचं ऐकू आलं.

"पानी तर पानी," ती म्हणाली. "दखाडा."

मास्तरांनी कोट घातला, पागोटं डोक्यावर ठेवलं, काठी घेतली. उंबऱ्याशी थांबून ते म्हणाले, "चाल, वच्छीनी माय." इतक्या वर्षांनी ती हाक ऐकून तिने पदर सारखा केला आणि ती निघाली.

दुपार उतरली होती. वाटेत ज्वारीची कापणी चालली होती, बायका कणसं खुडता खुडता वळून बघत होत्या. मास्तर पुढे आणि त्यांची बायको चार पावलं मागे, असं त्यांना कुणी कधी एकत्र जाताना बघितलं नव्हतं. काठ उभा कापलेला होता. खाली तापी संथ चालली होती, दोन्ही अंगांना वाळू, आणि उत्तरेला दूर सातपुडा निळा दिसत होता. मास्तरांच्या पायांना ती वाट इतकी ठाऊक होती की खाली उतरताना त्यांनी कुठल्या मुळाला धरायचं हे न बघताच धरलं. तेव्हा भिकुबाईला कळलं की ते संध्याकाळचे देवळात जात नव्हते.

"कोठे?" तिने विचारलं.

"ते दखं, पल्याडनं चिंचनं झाड. आन त्याना मांगे देऊळनं शिखर. दोन्ही एक रेघमा उनात की तठे." त्यांनी हात लांब केला. हात पाण्यावरच गेला. तिने त्या हाताच्या रोखाने बघितलं. सगळीकडे सारखंच पाणी होतं.

"माले नही समजत," ती म्हणाली.

मास्तरांनी हात खाली घेतला. त्यांना पाण्याची भीती होती, नावेतून पलीकडे जातानाही ते काठाला घट्ट धरून बसत. त्यांनी वहाणा काढल्या, काठी वाळूत रोवली आणि धोतर न खोचता, कोटासकट, पागोट्यासकट पाण्यात शिरले. गुडघ्यापर्यंत, मांड्यांपर्यंत. मध्ये एकदा पाय घसरला तेव्हा भिकुबाई ओरडली, पण ते सावरले. कमरेच्या वर पाणी आलं तसे ते थांबले. पलीकडच्या चिंचेकडे बघून एक पाऊल डावीकडे सरकले, आणखी अर्धं पाऊल सरकले, आणि काठाकडे तोंड करून उभे राहिले.

"आठे," ते म्हणाले.

पाणी त्यांच्या दोन्ही बाजूंनी फुटून पुढे जात होतं. भिकुबाई वाळूत बसली. तिने पदर पसरून जमिनीला डोकं टेकलं, आणि डोकं वर करून ती पुन्हा त्यांच्याकडे बघत राहिली, चिंचेकडे, शिखराकडे आणि पुन्हा त्यांच्याकडे, जागा डोळ्यांत नीट बसेपर्यंत. मास्तर हलले नाहीत. त्यांचे ओठ थंडीने निळे पडायला लागले होते.

"दखाई गई ती जागा," ती शेवटी म्हणाली. "या आते बाहेर. पानी थंडं शे."